संप्रदाय कसा घडतो? : अथेन्स आणि गोदावरीतीर

पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे पहिले पान बहुधा मिलेटस या नगरीत उघडते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील या ग्रीक बंदरात इ.स.पू. सहाव्या शतकात थेलीज होऊन गेला. त्याच्यामागून अनॅक्झिमँडर आणि अनॅक्झिमिनीज आले, आणि हे जग मुळात कशाचे बनले आहे हा प्रश्न देवदेवतांच्या कथांचा आधार न घेता विचारला जाऊ लागला. आपला महाविद्यालयीन विद्यार्थी हे प्रकरण पाठ करतो आणि प्रश्न ग्रीकांनी विचारले, आपल्याकडे केवळ श्रद्धा होती, अशी समजूत नकळत करून घेतो. दुसऱ्या टोकाला याच्या नेमकी उलट समजूत आहे. पायथागोरस भारतात येऊन शिकून गेला, ग्रीकांचे सारे ज्ञान येथूनच तिकडे पोहोचले, असे सांगून आपण आपले समाधान करून घेतो. पायथागोरसाच्या भारतयात्रेला समकालीन पुरावा नाही. आणि पालि तिपिटक ज्याने चाळले आहे तो पहिली समजूतही मान्य करू शकणार नाही.

प्रस्तुत लेखात कोण आधी व कोण नंतर हा वाद घालावयाचा नाही. येथे विचारावयाचा प्रश्न मर्यादित आहे: संप्रदाय कसा घडतो? विचारवंत एकटा असू शकतो. संप्रदाय एकट्याचा कधीच नसतो. थोर विचारवंताच्या पश्चात त्याचा विचार कधी विरून जातो, तर कधी शतकानुशतके चालणारी परंपरा बनतो. हा फरक कशामुळे पडतो? ग्रीसमधील पुरावा मुख्यतः ग्रंथांत आहे. आपल्याकडील पुरावा पालि ग्रंथांत तर आहेच, शिवाय नाशिक, कार्ले, जुन्नर व कान्हेरी येथील लेण्यांच्या भिंतींवर कोरलेला आहे. हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवले असता असे दिसते की, संप्रदायाला चार गोष्टी लागतात: प्रश्न, प्रतिवादी, परंपरा आणि निर्वाह. यांतील चौथ्या गोष्टीकडे तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांचे लक्ष सर्वांत कमी जाते. म्हणून तिचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

१. दोन शब्दांची सारखीच अधोगती

आरंभी शब्दांचा विचार करू. तत्त्वज्ञानाच्या संप्रदायासाठी ग्रीक भाषेत 'हायरेसिस' हा शब्द रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ निवड असा आहे. अनेक मतांतून माणसाने स्वतः विचारपूर्वक निवडलेले मत, तो हायरेसिस. दुसरा शब्द 'दियात्रिबे'. एकत्र वेळ घालविणे, अध्ययनात काळ व्यतीत करणे, आणि त्यावरून अध्ययनाचे स्थान किंवा तेथील मंडळी, असा त्याचा अर्थविस्तार झाला. पालि भाषेत 'वाद' व 'निकाय' हे शब्द आहेत. वाद म्हणजे बोलणे, मांडलेले मत. निकाय म्हणजे समूह. एक शब्द विचाराकडून आला, दुसरा माणसांच्या एकत्र राहण्याकडून. ग्रीक शब्दांची जोडीही अशीच आहे.

सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत श्रमण-ब्राह्मणादी सर्व पंथांसाठी 'पासंड' हा शब्द योजला आहे. त्यात निंदेचा लवलेशही नाही. बाराव्या शिलालेखात तर सर्व पासंडांच्या अंतःसाराची वृद्धी व्हावी, आणि त्यासाठी प्रत्येकाने वाणीचा संयम राखून दुसऱ्याचे मत ऐकावे, असा उपदेश आहे. या बाराव्या लेखाचा शेवटचा भाग आणि तेराव्याचा आरंभ ग्रीक भाषेत कोरलेला एक शिलाखंड १९६३ मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहार येथे मिळाला. या ग्रीक अनुवादात 'पासंड' या शब्दासाठी 'दियात्रिबे' हा शब्द घातलेला आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, ग्रीक व भारतीय अशा दोन्ही जगांची ओळख असलेल्या अनुवादकाला भारतातील पंथ आणि ग्रीसमधील तत्त्वज्ञानाचे संप्रदाय या एकाच जातीच्या गोष्टी वाटल्या. आजच्या इतिहासकाराने संकोचाने करावी अशी तुलना त्या काळच्या लेखनिकाने सहजपणे करून टाकली आहे.

पुढे या दोन्ही शब्दांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. 'पासंड' या शब्दाचे 'पाखंड' झाले, आणि मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मभ्रष्ट मनुष्य. 'हायरेसिस' या शब्दापासून युरोपीय भाषांत धर्मबाह्य, दंडनीय मत अशा अर्थाचा शब्द तयार झाला. निवड या अर्थाच्या शब्दाचा अर्थ अपराध असा झाला. संप्रदायांची विविधता समाजाला नकोशी झाली म्हणजे भाषाही तिची साक्ष देते.

२. प्रश्न : गोदावरीतीरावरचे सोळा शिष्य

सुत्तनिपातातील पारायनवग्ग हा तिपिटकाच्या प्राचीनतम भागांपैकी एक मानला जातो. त्यावरील चूळनिद्देस नावाची टीका खुद्द तिपिटकातच समाविष्ट झाली, यावरून त्याचे प्राचीनत्व स्पष्ट होते. या वग्गाच्या आरंभीच्या वत्थुगाथांत कथा येते ती बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची. कोसल देशातून तो दक्षिणेकडे आला आणि अस्सक देशात, अळकाच्या सीमेलगत, गोदावरीच्या काठी राहिला. अळक या नावाचा मूळक असाही पाठ आहे. अजित, तिस्समेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, उपसीव, मोघराज, पिंगिय इत्यादी सोळा शिष्यांना त्याने भगवान बुद्धांकडे प्रश्न विचारण्यास पाठविले. त्यांच्या प्रवासाचा मार्ग प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण येथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत असा श्रावस्तीकडे जातो आणि तेथून पुढे मगधात पोहोचतो.

अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे तेलंगणातील बोधन, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पैठण व बोधन यांच्या दरम्यान गोदावरीचा जो पट्टा येतो त्यात आजचा परभणी जिल्हा आहे. परभणी तालुक्यातील पेडगाव असो की नदीकाठचे गंगाखेड असो, ही सर्व भूमी त्या पट्ट्यातील आहे. बावरीचा आश्रम अमुक गावी होता असे ग्रंथ सांगत नाही, आणि आपणही तसे सांगू नये. वत्थुगाथा या प्रश्नोत्तरांपेक्षा उत्तरकालीन आहेत, हेही बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही रचनाकाराला विचारपूर्वक प्रश्न विचारणारी मंडळी कोठून यावीत असे वाटले, याला महत्त्व आहे. त्याने त्यांना काशीहून किंवा मिथिलेहून आणले नाही. गोदावरीच्या काठाहून आणले.

प्रश्नांचे स्वरूपही पाहावे. हे जग कशाने झाकलेले आहे, असे अजित विचारतो. यज्ञ करणारे ऋषी व क्षत्रिय कशाच्या आशेने यज्ञ करीत आले, आणि त्यायोगे ते जन्मजरेच्या पार गेले काय, असे पुण्णक विचारतो. जगाकडे कसे पाहिले असता मृत्युराजाची दृष्टी चुकविता येते, असा मोघराजाचा प्रश्न आहे. त्याला उत्तर मिळते ते असे की, आत्मदृष्टी समूळ काढून टाकून जगाकडे शून्य म्हणून पाहावे. या प्रश्नांत कर्मकांडाची मागणी नाही, वराची याचना नाही. हे निखळ तत्त्वचिंतनाचे प्रश्न आहेत. मोघराजाचा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. नाशिकच्या लेण्यात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

बुद्धकाल इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा धरला तर हे प्रश्न पायथागोरस व हेराक्लायटस यांच्या काळातले ठरतात. आज अनेक संशोधक महापरिनिर्वाणाचा काळ इ.स.पू. ४०० च्या आसपास मानतात. तो स्वीकारला तर भगवान बुद्ध सॉक्रेटिसाचे समकालीन होतात. कोणताही कालनिर्णय घेतला तरी दोन्ही भूमींत प्रश्न विचारण्याचा हंगाम साधारणपणे एकच होता. नवी नगरे, नाणी, व्यापारी मार्ग आणि जुन्या यज्ञधर्माविषयीची शंका या गोष्टी दोन्हीकडे दिसतात.

३. प्रतिवादी : मतभेदाला लागणारी जागा

प्रश्नामुळे विचार सुरू होतो. पण मताला आकार येतो तो त्याला विरोध करणारा भेटल्यावर. दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात श्रावस्ती येथील मल्लिकेच्या उद्यानाचा उल्लेख आहे. तेथे तिंदुक वृक्षांच्या रांगेत एक शाळा होती आणि निरनिराळ्या मतांचे परिव्राजक तेथे येऊन वाद करीत. अथेन्समध्ये अकादेमोस या वीराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपवनात प्लेटोने इ.स.पू. ३८७ च्या सुमारास आपले अध्यापन सुरू केले. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ मध्ये लायसियम येथे, तर झीनोने इ.स.पू. ३०० च्या सुमारास बाजारचौकातील एका चित्रांकित ओसरीत शिकविण्यास आरंभ केला. ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात. त्यावरून त्याचे अनुयायी स्टोइक म्हणविले गेले. श्रावस्ती असो की अथेन्स, वादाची जागा सर्वांना खुली होती, हे ध्यानात घ्यावे.

सामञ्ञफल सुत्तात पूरण कस्सप, मक्खलि गोसाल, अजित केसकंबल, पकुध कच्चायन, निगंठ नातपुत्त व संजय बेलट्ठपुत्त या सहा आचार्यांची मते दिली आहेत. अजिताची चार महाभूते किंवा पकुधाचे सात अविनाशी काय वाचले की एम्पेडोक्लीजच्या चार मूलतत्त्वांची आठवण होते. संजयाचा कोणतेही विधान न करण्याचा पवित्रा आणि पिर्होचा संशयवाद यांत साम्य आहे; पिर्हो तर अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता. तथापि साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, यांतील बहुतेक आचार्य आपल्याला त्यांच्या प्रतिवाद्यांनी जपलेल्या शब्दांतूनच भेटतात. मिलेटसच्या विचारवंतांचेही तसेच. ॲरिस्टॉटलने त्यांचे खंडन केले नसते तर त्यांच्याविषयी आज फारच थोडे कळले असते.

महाराष्ट्रात धम्म आला तोही वादाच्या वाटेने. महावंसाच्या परंपरेनुसार अशोककाळी मोग्गलिपुत्त तिस्स यांनी महारट्ठ देशात महाधम्मरक्खित थेरांना आणि अपरान्तात योनक, म्हणजे यवन, धम्मरक्खितांना पाठविले. महारट्ठात उपदेशिले गेले ते महानारदकस्सप जातक. या जातकात कर्मफल नाकारणाऱ्या मताच्या आहारी गेलेल्या अंगति नावाच्या राजाला त्याची कन्या रुजा व नारद युक्तिवादाने परत वळवितात. परंपरेच्या स्मृतीत आपल्या प्रांतातील पहिला धम्मोपदेश हा एका प्रतिस्पर्धी मताचा परामर्श आहे.

४. परंपरा : आठवणारा शिष्य

पारायनवग्गाच्या शेवटी वृद्ध पिंगिय गोदावरीकाठी बावरीकडे परततो आणि जे ऐकले ते त्याला सांगतो. तो म्हातारा झाला आहे, शरीर थकले आहे. पण मनाने तो रात्रंदिवस त्या उपदेशापासून दूर नाही. गुरूच्या वचनाला दुसऱ्याच्या मुखातून पुन्हा जन्म मिळतो तेथे परंपरा सुरू होते. ग्रीक लेखकांनी तत्त्वज्ञांच्या इतिहासाची मांडणी 'दियादोखे' म्हणजे उत्तराधिकार या कल्पनेवर केली: अमुकाचा शिष्य तमुक, त्याचा शिष्य तमुक. पालि अट्ठकथांतील 'आचरियपरंपरा' ही कल्पना नेमकी हीच.

परंपरा लांबली की तिला फाटे फुटतात. दीपवंसात सतरा भिन्न वाद व एक अभिन्न वाद, असे अठरा निकाय मोजले आहेत. या घटनेला आपण सवयीने 'संघभेद' म्हणतो आणि तिच्याकडे ऱ्हास म्हणून पाहतो. प्लेटोच्या अकादमीतूनही मतामतांतरे निघाली; इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्केसिलाऊसच्या हाताखाली ती चक्क संशयवादी झाली. ग्रीक इतिहासकार याला ऱ्हास न म्हणता विकास म्हणतो. निकायांकडेही त्याच न्यायाने पाहिले पाहिजे. ज्या परंपरेत कोणीच वेगळे बोलत नाही तिच्यात कोणी विचार करीत आहे काय, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

५. निर्वाह : बाग, गाव आणि व्याज

आता चौथी गोष्ट. ॲरिस्टॉटल अथेन्सचा नागरिक नव्हता. परक्याला तेथे जमीन घेता येत नसे. त्याचा उत्तराधिकारी थिओफ्रास्टसही परकाच. त्याला एका प्रभावशाली शिष्याच्या साहाय्याने बाग मिळाली. त्याच्या मृत्युपत्रात ही बाग, फिरण्याची जागा व घरे एकत्र अध्ययन करू इच्छिणाऱ्या मित्रांना दिली आहेत, आणि ती कोणी विकू नये वा खाजगी करू नये, अशी अट आहे. एपिक्युरसाने इ.स.पू. २७० मध्ये मरताना आपली बाग दोन अथेनियन नागरिकांच्या नावे केली. तिचा उपयोग मात्र परका असलेला हर्मार्कस व त्याचे सहाध्यायी यांना कायम करू द्यावा, अशी तजवीज केली. याच बागेत स्त्रिया व दास यांनाही प्रवेश होता.

राजसत्ता मनात आणील तर काय होते हेही अथेन्सने पाहिले. इ.स.पू. ३०७ च्या सुमारास सोफोक्लीज नावाच्या एका राजकारण्याने, म्हणजे नाटककाराहून निराळ्या व्यक्तीने, असा कायदा करविला की, नगरसभेच्या परवानगीवाचून कोणीही तत्त्वज्ञानाची शाळा चालवू नये. थिओफ्रास्टससह तत्त्वज्ञ नगर सोडून गेले. दुसऱ्याच वर्षी तो कायदा अवैध ठरून रद्द झाला, कायदा करविणाऱ्याला पाच टॅलंट दंड झाला आणि तत्त्वज्ञ परतले.

आता नाशिकला येऊ. गोदावरीच्या उगमाजवळच्या या नगरीनजीक त्रिरश्मी पर्वतावर लेणी आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ च्या लेखात आपले लेणे चातुर्दिश संघाला, म्हणजे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला, अर्पण केले. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा एक या दराने व्याज होते. वर्षाचे व्याज २४० कार्षापण; आणि लेखात सांगितले आहे की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. हिशेब एका कार्षापणाचाही चुकत नाही. उरलेल्या १,००० चे व्याज इतर खर्चासाठी होते. विणकरांचे माग चालू राहतील तोवर लेण्यातील अध्ययन चालू राहील, अशी ही व्यवस्था होती.

यानंतर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. गौतमीपुत्राचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी गौतमीपुत्राची माता बलश्री हिने त्रिरश्मीवरच एक भव्य लेणे दान केले. हे दान मात्र चातुर्दिश संघाला नाही. ते भद्रायणीय निकायाच्या भिक्खूंना आहे. कार्ले येथे हा बदल अधिक ठळक आहे. वलूरक म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या चातुर्दिश संघाला उषवदाताने करजिक हे गाव दिले होते. सातवाहन राज्यात तेच गाव पुन्हा देण्यात आले, ते महासांघिक निकायाच्या भिक्खूंना. पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने तेथे नऊ खोल्यांचा मंडप दिला, तोही महासांघिकांनाच. सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय भदंतांशी संबंधित सातिमित नावाच्या भाणकाचे स्तंभदान याच चैत्यगृहात आहे. म्हणजे महासांघिकांच्या या लेण्यात धम्मुत्तरीयालाही स्थान होते.

निकायांचा जन्म अर्थातच यापूर्वीचा आहे. पण येथील राजदानांत चातुर्दिश संघाच्या जागी निकायाचे नाव येते, तेव्हा निकाय ही केवळ मताची गोष्ट उरली नव्हती, हे स्पष्ट होते. त्याला गाव होते, लेणे होते, उत्पन्न होते. अथेन्समधील बागेची आणि करजिक गावाची जात एकच.

दान नुसते कोरून भागत नाही, याचीही नोंद नाशिकलाच आहे. गौतमीपुत्राने अठराव्या वर्षी त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना एक शेत दिले होते. चोविसाव्या वर्षाच्या लेखात असे म्हटले आहे की, ते गाव ओस पडले आहे, शेत कोणी कसत नाही. म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय शेतीपैकी १०० निवर्तने जमीन देण्यात येत आहे. कसणारा नसेल तर भूमिदान हा केवळ लेख उरतो. संप्रदायाच्या इतिहासात शेतकरी व विणकर यांना स्थान दिल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही.

६. यवन दाते

या लेण्यांत प्रत्यक्ष यवनही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिले. जुन्नर येथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी, चिट याने भोजनमंडप आणि चंद याने दर्शनी भाग दिला. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा पुत्र. तो स्वतःला उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा योनक म्हणवितो आणि पुण्याचा वाटा आपल्या धर्मरक्षित नावाच्या पुत्रालाही देतो. बाप, मुलगा, नातू, तिघांचीही नावे भारतीय आहेत.

यावरून अथेन्सचे तत्त्वज्ञान सह्याद्रीत आले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हे दाते व्यापारी, प्रवासी, स्थायिक झालेले लोक होते. मात्र त्यांना परक्या मानलेल्या भूमीतील विद्यास्थानाला आधार देण्याची मुभा होती. ज्या अथेन्समध्ये परक्या तत्त्वज्ञाला जमीन घेता येत नव्हती त्याच्याशी ताडून पाहता ही गोष्ट नजरेत भरते.

७. एकच प्रश्न, दोन भूमी

आता मोघराजाच्या प्रश्नाकडे परत येऊ. आत्मदृष्टी सोडली तर कर्म करणारा व फल भोगणारा कोण? या प्रश्नावर वज्जिपुत्तकांनी 'पुग्गल' मानला. तो स्कंधांहून वेगळाही नाही आणि अभिन्नही नाही. जळण आणि अग्नी यांच्यासारखा हा संबंध आहे, असे त्यांचे म्हणणे. कथावत्थु ग्रंथातील पहिलीच आणि सर्वांत मोठी चर्चा या पुग्गलवादाचे खंडन करते. बलश्रीने ज्यांना लेणे दिले ते भद्रायणीय आणि सोपाऱ्याचे धम्मुत्तरीय हे दोघेही वज्जिपुत्तकांच्याच शाखेतले. म्हणजे ग्रंथात ज्यांचे खंडन झाले त्यांना गोदावरीकाठी राजमातेचा आश्रय होता. खंडनाने संप्रदाय संपत नाही, ही गोष्ट येथे दगडावर लिहिलेली आहे.

ग्रीकांपुढेही हाच प्रश्न होता. सिसिलीतील नाटककार एपिखार्मस याच्या नावावर एक विनोदी प्रसंग सांगितला जातो. एक ऋणको म्हणतो, माणूस क्षणोक्षणी बदलतो; ज्याने कर्ज घेतले तो मी नव्हेच. मग धनको त्याला मारतो आणि म्हणतो, मारणारा तो मी नव्हेच. पुढे अकादमीच्या तत्त्वज्ञांनी हा युक्तिवाद स्टोइकांविरुद्ध गंभीरपणे वापरला. मिलिंदपञ्हात नागसेन आंबे चोरणाऱ्याचे उदाहरण देतात: लावलेले आंबे वेगळे आणि चोरलेले वेगळे, असा बचाव चोराने केला तरी तो दंडास पात्र ठरतो, कारण दुसरे पहिल्यापासूनच उत्पन्न झाले आहेत. ऋणको आणि आंबेचोर यांची भेट कधी झाली नाही. पण दोन भूमींतील माणसांनी एकाच पेचाला प्रामाणिकपणे तोंड दिले, आणि तो पेच पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवण्यासाठी संप्रदाय निर्माण केले.

८. अंत आणि शिल्लक

इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सल्ला याने अथेन्सला वेढा घातला तेव्हा यंत्रांसाठी अकादमीची झाडे तोडली. इ.स. १७६ मध्ये सम्राट मार्कस ऑरिलियसने अथेन्समध्ये चार संप्रदायांसाठी सवेतन अध्यापकपदे निर्माण केली. ५२९ मध्ये जस्टिनियनने तेथील तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावर बंदी घातली. स्टोइक आचार्य क्रिसिपस याने ७०५ हून अधिक ग्रंथ लिहिले असे सांगतात. आज एकही पूर्ण उपलब्ध नाही. आपल्याकडेही विणकरांच्या श्रेणी गेल्या, गावांची दाने संपली, आणि लेणी ओस पडली. भद्रायणीयांचा म्हणून ओळखला जाणारा एकही ग्रंथ आज आपल्या हाती नाही. त्यांच्या शाखेचे मत मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळते. उरले ते भाणकांनी मुखोद्गत केलेले आणि सिंहलद्वीपात लिहून ठेवलेले.

मिलिंदपञ्हात नागसेन वादाला बसण्यापूर्वी राजाला एक अट घालतात. पंडितांप्रमाणे वाद करणार असाल तर बोलू. राजाप्रमाणे करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात गुंतागुंत होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. राजाच्या वादात मात्र विरोध करणाऱ्याला दंड होतो. यवन राजा मिलिंद ही अट मान्य करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय सुरू केले त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. राजसत्तेने प्रश्न विचारावा आणि भिक्खूने निर्भयपणे उत्तर द्यावे, हा आदर्श मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांपुढे नावातूनच ठेवला गेला.

तेव्हा चार गोष्टी पुन्हा मोजू. प्रश्न गोदावरीकाठी आजही सुचतात. प्रतिवादीही पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्याशी पंडितांप्रमाणे बोलण्याची सवय कमी होत आहे. परंपरा पालि शिकणाऱ्या व शिकविणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. आणि निर्वाह? उषवदाताने वीस भिक्खूंच्या चीवरांचा हिशेब कार्षापणापर्यंत मांडून ठेवला होता. गावोगावच्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच विहारात पालि शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या वर्षभराच्या खर्चाचा असाच नेमका हिशेब ज्या दिवशी मांडला जाईल, त्या दिवशी पारायनवग्गाची पुढची पिढी या काठी तयार होऊ लागेल.